गावातल्या म्हाताऱ्या गुरुजींचं आयुष्य लिहून कसं ठेवायचं

आमच्या गावचे गुरुजी 92 वर्षांचे होते तेव्हा मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला लागलो, आणि आधीच सांगतो की मला दहा वर्षं उशीर झाला होता. त्यांच्याबरोबरचे बाकीचे मास्तर गेले होते, त्यांनी शिकवलेली पहिली पोरंसुद्धा ऐंशीच्या घरात होती, आणि ज्या गोष्टी 82 व्या वर्षी त्यांनी सहज सांगितल्या असत्या त्यातल्या कितीतरी आता अर्धवट राहिल्या होत्या. तरी जे मिळालं ते खूप होतं. म्हणून तुमच्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी असे कोणी गुरुजी किंवा बाई असतील, ज्यांनी सगळी हयात शाळेत आणि शाळेबाहेर गावासाठी घालवली, तर हे वाचा आणि याच महिन्यात सुरू करा. दिवाळीत बघू, सुट्टीत बघू असं म्हणू नका.

आमचं गाव आटपाडीच्या बाजूचं, माणदेशातलं. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता, तिथे राजेसाहेबांच्या हौसेमुळे शाळेत सूर्यनमस्कार घालायलाच लागायचे, आणि गुरुजी त्या शाळेत शिकलेले. 1948 ला संस्थान विलीन झालं, 1950 ला गुरुजी मास्तर झाले, 1989 ला रिटायर झाले, आणि त्यानंतरही तीसेक वर्षं वाचनालय, रात्रीचे वर्ग, पोरांच्या फिया हे चालूच होतं. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात संस्थान, लोकल बोर्ड, जिल्हा परिषद, दुष्काळ, सगळं येऊन जातं. हे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, ते त्यांच्याच तोंडून घ्यावं लागतं.

आधी कागद बघून घ्या

पहिल्या दिवशी मोबाईल घेऊन थेट समोर बसू नका. आधी घरच्यांना विचारून त्यांची पत्र्याची ट्रंक किंवा फायलींची पिशवी बघायला मागा. सेवापुस्तकाची प्रत, पेन्शनचे कागद, बदलीचे हुकूम, निरोप समारंभातले फोटो, छापील मानपत्रं, जुनी पोस्टकार्डं. यातलं सगळ्यात कामाचं सेवापुस्तक, कारण त्यात बदल्यांची गावं तारखेसकट असतात. प्राथमिक शिक्षकाचं आयुष्य म्हणजे बदल्यांचा नकाशाच असतो. आमच्या गुरुजींची पहिली 12 वर्षं पाच गावांत गेली, त्यातल्या दोन ठिकाणी एकशिक्षकी शाळा, एक शाळा मारुतीच्या देवळात भरायची. ही यादी हातात असली की "मग पुढं काय झालं" असं मोघम विचारायची वेळ येत नाही, "त्या देवळातल्या शाळेत पाऊस आला की पोरं कुठं बसवायचा?" असं नेमकं विचारता येतं. आणि अशा प्रश्नाला माणूस लगेच बोलायला लागतो.

जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका. सेवापुस्तकात 1 जून असेल तर अजिबातच नको. त्या काळी पोराला शाळेत आणलं की आईबापाला तारीख माहीत नसायची, मग मास्तर सोयीची म्हणून शाळा सुरू व्हायच्या महिन्यातली 1 जून टाकून मोकळे व्हायचे, आणि म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात त्या पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो असं वाटतं. आमच्या गुरुजींची नोंद 1 जून 1931, पण आई सांगायची की नागपंचमीचा जन्म. मी दोन्ही लिहिलं. आणि मग विचारलं, गुरुजी तुम्ही किती पोरांना 1 जून दिला? ते गप्प बसले थोडा वेळ आणि म्हणाले, "शेकड्यानं दिला असंल, आनि काय द्यायचं त्यांस्नी, तारीख तरी दिली." हे वाक्य मी कितीही डोकं चालवून लिहू शकलो नसतो.

रेकॉर्डिंग

सकाळी चहा आणि गोळ्या झाल्यावर बसायचं, साडेनऊ ते सव्वादहा असं. 40-45 मिनिटांच्या वर बसवू नका. ते म्हणतील मी दमलो नाही, पण दमलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी अंगावर येतं. कोणत्या कानानं नीट ऐकू येतं ते विचारून त्या बाजूला बसा, चेहरा त्यांना दिसेल असा. ओरडू नका, आवाज थोडा खालच्या पट्टीत आणि सावकाश ठेवला की जास्त कळतं. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, कुकर लावायला अर्धा तास थांबा म्हणून घरात सांगा. हे क्षुल्लक वाटेल पण माझी पहिली दोन रेकॉर्डिंग पंख्याच्या घरघरीत गेली, त्यातलं निम्मं आजही लागत नाही.

दोन मोबाईल ठेवा, दोन्ही फ्लाईट मोडवर. एक त्यांच्या जवळ उशीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर, नुसत्या टेबलावर ठेवला की कप ठेवल्याचासुद्धा आवाज दणदण येतो. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण, कोण कोण बसलंय ते बोला. संपलं की त्याच दिवशी फाईलला नाव द्या, तारीख आणि विषय, आणि तीन जागी ठेवा, मोबाईल, ड्राईव्ह, पेनड्राईव्ह. व्हॉट्सॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी एकदा हे केलं नाही, मोबाईल बिघडला, दुकानात फॉरमॅट झाला आणि एक अख्खी बैठक गेली, 1957 साली दशमान पैसे आले तेव्हा बाजारात कसा गोंधळ उडाला आणि लोक आणे घेऊन गुरुजींकडे हिशोब करायला कसे यायचे ते सगळं त्यात होतं. पुन्हा विचारलं तर त्यांनी चार वाक्यांत उरकलं. तसं पहिल्यासारखं परत आलं नाही ते नाहीच.

परवानगी आधी घ्या, आणि नीट घ्या. कशासाठी रेकॉर्ड करतोय, कोण ऐकणार, छापणार का. "हे बंद कर जरा" म्हणाले तर खरंच बंद करा, बंद केल्याचं दाखवा.

काय विचारायचं

"तुमच्या जीवनाविषयी दोन शब्द सांगा" असं विचारलंत की मेलात. समोरचा माणूस 39 वर्षं 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला भाषणं करत आलाय, त्याच्याकडे या प्रश्नाचं तयार भाषण असतं आणि तेच मिळतं. संस्कार, त्याग, आजची पिढी. ते त्यांचं खरं मत असतं, पण त्यात ते स्वतः नसतात. त्याऐवजी वस्तू विचारा. पहिल्या पगारातून काय आणलं? (आईला लुगडं आणि एक कंदील. कंदील का? रात्री पोरं घरी बसवायची होती म्हणून. झालं, तिथून रात्रशाळेची गोष्ट सुरू.) सायकल कधी घेतली, कोणाकडून, त्याआधी किती चालायचे? शाळेत फळा कशानं काळा करायचे? झेंडावंदनाला गोळ्या कुठून आणायचे?

आणि पाढे म्हणायला सांगा. साधे नाहीत, जुने, पावकी निमकी पाऊणकी सवायकी दिडकी औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीनचे पाढे. आमच्या गुरुजींना त्या सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं पण औटकी सुरू केली आणि "सात औटं साडेचोवीस" पर्यंत ते आले तेव्हा त्यांचा आवाजच बदलला, वर्गातला झाला, हात मांडीवर ठेका धरायला लागला. त्यानंतर अर्धा तास ते जे बोलले ते सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग आहे. कविता, शाळेची प्रार्थना, मोडी येत असेल तर स्वतःची सही मोडीत करायला सांगणं, यानं आठवणीचं दार उघडतं. प्रश्नांनी तितकं उघडत नाही.

साल आठवत नाही म्हणाले की साल विचारत बसू नका, खुंटी द्या. गांधीजींना मारलं तेव्हा कुठं होता? कोयनेचा भूकंप झाला (11 डिसेंबर 1967) तेव्हा कोणत्या गावच्या शाळेवर होता? दुष्काळाच्या आधी का नंतर? माणदेशात दुष्काळ म्हटलं की 1972 हे सांगावं लागत नाही. लाल मिलो (रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामावर वाटलेला खाऊ) म्हटलं की त्या पिढीचा कोणीही माणूस बोलायला लागतो. मराठवाड्यातले गुरुजी असतील तर रझाकार आणि 1948 चा सप्टेंबर, आधीचं उर्दूतलं शिक्षण. लातूर-उस्मानाबादकडचे (आताचं धाराशिव) असतील तर 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट. शिक्षक कुठलेही असोत, 1977-78 चा 54 दिवसांचा संप विचाराच, त्यात ते होते का, आणि पगार नव्हता तेव्हा घर कसं चाललं. जनगणना विचारा, कारण दर दहा वर्षांनी घरोघर फिरून माणसं मोजली ती मास्तरांनीच, आणि गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत गेलेला सरकारी माणूस म्हणजे तेच. गुरुजींनी 1951 च्या जनगणनेत एका मेंढक्याच्या वाड्यावर मुक्काम केला होता, नोंद पूर्ण करायची म्हणून, ती गोष्ट मला एकाही मानपत्रात सापडली नाही.

आणि पत्रं. हे विसरू नका. आमच्याकडची माणसं मुंबईला गिरणीत, नाहीतर गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात पार दक्षिणेत आणि बिहार-बंगालपर्यंत गेलेली, घरी बायका, म्हातारी आईबापं. मनीऑर्डर आली, पत्र आलं की वाचायला गुरुजी, उत्तर लिहायला गुरुजी. म्हणजे गावातली सगळी दुखणी, भांडणं, कोणाला दिवस गेले, कोणाचा नवरा पैसे पाठवत नाही, हे त्यांना माहीत आणि त्यांनी ते कुठं बोललं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाले, ते त्या बायांचं होतं, माझं नव्हे. मी पुढं विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. फक्त पोस्टकार्डावर किती ओळी बसवायचे, कोणत्या वेळी बाया यायच्या, ओसरीवर कोण कुठं बसायचं, एवढं लिहून घ्या, तेवढ्यानं सगळं कळतं.

घरातल्या बाईंशी वेगळं बोला

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच कोणी करत नाही. गौरवग्रंथात पत्नीसाठी एक ओळ असते, "मोलाची साथ लाभली". ती साथ म्हणजे काय होती ते विचारा. गुरुजी नसताना, स्वयंपाकघरात बसून, हातात काम असताना विचारा, समोर मोबाईल धरून नको, पण रेकॉर्ड होतंय हे सांगून.

आमच्या काकूंना, म्हणजे गुरुजींच्या बायकोला, मी विचारलं, घरी शिकायला पोरं राहायची ना? म्हणाल्या, "हे म्हणायचे राहू दे पोराला. राहू दे म्हणायला काय जातंय. भाकरी कोण थापायचं?" मग हिशोब सांगितला. स्वतःची चार पोरं, सासू, आणि लांबच्या वाड्यावस्त्यांवरची पाच पोरं, रोज सकाळी 22 भाकरी, जात्यावरचं दळण, 72 ला विहीर आटली तेव्हा दीड मैलावरून पाणी. वाचनालयाच्या खोलीवर पत्रा टाकायचा होता तेव्हा त्यांच्या पाटल्या गेल्या. गुरुजींनी मला सांगताना "गावानं वर्गणी काढली" एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं, वर्गणी निघालीच होती, पण कमी पडली होती. पाटल्या परत झाल्या का? "व्हत्या का कुठं परत," म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

हे मी शेवटी छापलेल्या पुस्तिकेत काकूंच्या शब्दांत, काकूंच्या नावानं वेगळं प्रकरण करून घातलं. गुरुजींना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काढून टाक म्हणाले नाहीत. बाईच शिक्षिका असतील तर उलटं करा, त्यांच्या माहेरचे, सासरचे, मुलं कोणी सांभाळली, बदलीच्या गावी एकटी बाई म्हणून कोणी खोली दिली आणि कोणी दिली नाही.

विद्यार्थी, आणि न आवडणाऱ्या गोष्टी

बॅचचे व्हॉट्सॅप ग्रुप असतात, तिथे मेसेज टाकला की "गुरुजींमुळेच आम्ही घडलो 🙏🙏" असे पन्नास येतात आणि हातात काही लागत नाही. एकेकाला फोन करा आणि एकच विचारा, गुरुजींचा एक दिवस सांग जो तुला दिसतो. गलाईच्या धंद्यात 40 वर्षं कोइमतूरला असलेल्या एकानं सांगितलं, त्याच्या पायात काटा मोडून पिकलेला, गुरुजींनी वर्ग चालू असताना खाली बसून, पाय मांडीवर घेऊन, सुई तापवून काढला आणि तोंडानं पाढा चालूच ठेवला. असं एक मिळालं की दहा "घडलो" सोडून द्या.

छडीचंही विचारा. मारायचे का? त्या काळी सगळेच मारायचे म्हणून सोडू नका. एकजण म्हणाला की बाकी सगळं खरं, पण मला चोरी नसताना मारलं आणि मी शाळा सोडली. तेही लिहिलं, नाव न घालता. गुरुजींना आठवत होतं. त्यांनीच नाव सांगितलं मला, मी विचारायच्या आधी.

आणि पाण्याचा डेरा. गाव कुठलंही असो, 1950 ची शाळा असेल तर कोणती पोरं कुठं बसायची आणि पाणी कोण कसं प्यायचं हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि फक्त गुरुजींना नाही, दलित वस्तीतल्या माजी विद्यार्थ्यांना त्यांच्या घरी जाऊन विचारला पाहिजे. आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं की मी आलो आणि सगळी एका तरटावर बसवली, विषय संपला. त्या वस्तीतल्या 80 वर्षांच्या आजोबांनी सांगितलं, बसवलं हे खरं, गुरुजी आले आणि आम्ही उंबऱ्यापासनं आत आलो, गावातल्या चार जणांनी पोरं काढून नेली तरी ते हटले नाहीत. "पन पानी आजून चार-पाच वर्सं वरनंच वतायचे." गुरुजी स्वतः ओतायचे का? नाही, मोठी पोरं, पण गुरुजी बघायचे. मी परत गुरुजींकडे गेलो. पुन्हा विचारायला मला दोन दिवस लागले, 92 वर्षांच्या माणसाला कशाला टोचायचं असं वाटत होतं. ते म्हणाले, "तो म्हंतोय तर तसंच असंल. मला वाटतंय मी लगीच बंद केलं. त्याला तहान लागलेली, त्याचं खरं धर."

दोन्ही आठवणी शेजारी शेजारी छापल्या. एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं असं करायची गरज नाही, पण कोणाचं गिळूनही टाकायचं नाही.

साने गुरुजींचं बघा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते 1924 ते 1930 एवढीच सहा वर्षं शिक्षक होते. पण वसतिगृहात पोरांची अंथरुणं आवरायचे, खोल्या झाडायचे, हातानं लिहून "छात्रालय दैनिक" काढायचे, या गोष्टी आज शंभर वर्षांनी सगळ्यांना माहीत आहेत. त्या कोणीतरी बघितल्या, सांगितल्या आणि लिहिल्या म्हणून. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी जिथं गुरं चरतात तिथंच कुरणशाळा नेली, हेही त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं म्हणून पुढच्यांना उपयोगी पडलं. तुमच्या गावच्या बाईंनी कदाचित तितकंच केलंय, पण नोंद कुठाय? शाळेच्या नोंदीत "काम समाधानकारक" एवढंच असतं.

शाळेतली दप्तरं

शाळेत मुख्याध्यापकांना साधा लेखी अर्ज द्या आणि लॉगबुक, शेरेबुक, जुने हजेरीपट, जनरल रजिस्टर बघू द्या म्हणा. घरी नेऊ नका, तिथेच बसून फोटो काढा, उजेडात, पान सपाट धरून. शेरेबुकात तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे असतात, त्यात कधी कधी सोनं मिळतं. आमच्याकडे एका शेऱ्यात "शिक्षकाने शाळेच्या वेळेत गावकऱ्यांची पत्रे लिहू नयेत" असं सुंदर अक्षरात आहे. जनरल रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या जाती आणि तारखा असतात, त्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका, स्वतःच्या टिपणापुरते घ्या. एका शाळेत मी पोचलो तर 1970 च्या आधीचं सगळं रद्दीत गेलेलं होतं, दोन वर्षांपूर्वीच. म्हणून म्हणतो, हे आधी करा.

गुरुजींनी वाचनालय चालवलं असेल तर त्याचं इतिवृत्त बघा. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर ज्यांना अ ब क ड असा वर्ग मिळाला त्यांना अनुदानासाठी कागद ठेवावेच लागले, त्यामुळे शाळेपेक्षा वाचनालयाचं दप्तर बऱ्याचदा नीट सापडतं. तसंच प्रौढ शिक्षणाचे वर्ग, साताऱ्याकडे 1959 ला ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली तेव्हापासूनचे, आणि 1978 नंतरचे रात्रीचे. त्या वर्गात सही शिकलेली एखादी आजी अजून असेल. तिची सही घ्या कागदावर, तारखेसकट. आमच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तीच आहे.

लिहिताना

ऐकून ऐकून स्वतः टाईप करा. व्हॉइस टायपिंगला माणदेशी कळत नाही, "व्हतं" चं "होतं" करून टाकतं आणि माणूस बदलतो. त्यांची बोली आहे तशी ठेवा. आणि विशेषणं काढा. "निःस्वार्थी, ऋषितुल्य, ज्ञानदानाचा अखंड यज्ञ" हे लिहून झालं असेल तर प्रत्येकापुढं स्वतःला विचारा, म्हणजे काय केलं? "गरीब विद्यार्थ्यांना सदैव मदत केली" असं मी लिहिलं होतं. नंतर ते काढून लिहिलं: "दर जूनला गुरुजी जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून, दाभणानं शिवून नव्या वह्या करत. घरातली सगळी पोरं त्या कामाला बसत. धाकटी मुलगी म्हणते, मला बारा वर्षं दुकानातली वही मिळाली नाही." कोणतं चांगलं ते दिसतंच आहे.

ज्यांना मदत झाली त्यांची नावं विचारल्याशिवाय छापू नका. ज्याची फी भरली तो आज मोठा साहेब असेल, त्याला अभिमान असेल किंवा त्याला ते कोणाला कळू द्यायचं नसेल, दोन्ही त्याचा हक्क. कोणत्या बाईला रातोरात माहेरी पोचवलं अशा गोष्टी तर गाव सुद्धा ओळखता येणार नाही अशा लिहा किंवा लिहूच नका.

फोटो अल्बममधून ओढून काढू नका, चिकटलेले फाटतात. आहे तसाच स्कॅन करा, काढता येत असेल तर मागं मऊ पेन्सिलीनं हलकंच नावं लिहा, बॉलपेननं नको. ग्रुप फोटोतली नावं आधी, बाकी सगळं नंतर, कारण ती सांगणारी माणसं दर वर्षी कमी होतात.

छापायला फार पैसे लागत नाहीत, 64 पानी पुस्तिका डीटीपीवाला करून देतो, पण मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून स्वतःजवळ ठेवा. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्येच राहिला तर पाच वर्षांनी उघडत नाही. आम्ही 200 काढल्या. माजी विद्यार्थ्यांनी खर्च उचलला, जास्त झालेले पैसे वाचनालयाला. छापायच्या आधी पूर्ण मसुदा गुरुजींना वाचून दाखवला, रोज थोडा थोडा, नऊ दिवस लागले. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सांगितले, तीन गावांची नावं दुरुस्त केली, आणि एका जागी "गुरुजींनी विहीर खोदली" होतं तिथं श्रमदानाला आलेल्या चौदा जणांची नावं घालायला लावली, बापाच्या नावासकट, एकही न चुकता. पुस्तिका हातात आल्यावर साडेचार महिन्यांनी ते गेले.

अजून एक. पुस्तिका निघाली की लोक येऊन म्हणतात, आमचं राहिलंच की. तसं होणारच. म्हणून वाचनालयात ठेवायच्या प्रतीला शेवटी कोरी पानं बांधून घ्या आणि दोरीला पेन लावून ठेवा. आम्ही आठच पानं बांधली होती, ती दोन महिन्यांत भरली. कोणी अर्धं पान लिहिलंय, एका बाईनं फक्त साल आणि "माझी परीक्षा फी" एवढंच. आता फुलस्केपचे कागद मध्ये खुपसून ठेवतोय आणि ते निसटून पडतात. तुम्ही सुरुवातीलाच निदान चाळीस पानं बांधा, आणि बाइंडिंगवाल्याला दाभणानं शिवायला सांगा, नुसतं डिंकानं चिकटवलेलं टिकत नाही.